आदिवासी अर्भकमृत्यू : दरी बुजली की खाली सरकली?

"आदिवासींमधले अर्भकमृत्यू निम्म्यावर आले" आणि "आदिवासी बाळं आजही इतरांपेक्षा जास्त दगावतात" ही दोन्ही विधानं खरी आहेत. आदिवासींचा अर्भक मृत्युदर १९८८ च्या सुमारास हजारी ९० होता, तो २०१४ पर्यंत ४४ वर आला. म्हणजे पहिलं विधान बरोबर. त्याच काळात इतरांचाही दर घसरत होता, त्यामुळे दुसरंही बरोबर. पण बाळ नेमकं कोणत्या वयात जातं, हे या दोन्हींतून कळत नाही. आदिवासी आणि इतर यांच्यातल्या दरीचा प्रश्न समजायचा तर सुरुवात वयापासूनच करावी लागते.

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण मराठी बातम्यांत सगळ्यालाच "बालमृत्यू" म्हणायची सवय आहे आणि निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो. जन्मापासून २८ दिवस पूर्ण होण्याआधीचा मृत्यू म्हणजे नवजात मृत्यू. पहिल्या वाढदिवसाआधीचा कोणताही मृत्यू म्हणजे अर्भक मृत्यू. नवजात मृत्यू त्यातच धरलेले असतात. पाचव्या वाढदिवसाआधीचे सगळे मिळून होतो तो पाच वर्षांखालील बालमृत्यू. तिन्ही दर हजार जिवंत जन्मांमागे सांगतात. जन्मतःच जीव नसलेलं बाळ, म्हणजे उपजत मृत्यू, यांत कुठेच मोजलं जात नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आदिवासींचे वेगळे आकडे कुठे मिळतात? दरवर्षी येणाऱ्या नमुना नोंदणी पद्धतीच्या, म्हणजे एसआरएसच्या पत्रकात ते नसतात. तिथे राज्य, ग्रामीण-शहरी, मुलगा-मुलगी अशी विभागणी असते, पण जमातीची नसते. त्या पत्रकानुसार २०२० मध्ये देशाचा अर्भक मृत्युदर २८ आणि महाराष्ट्राचा १६ होता. महाराष्ट्राच्या १६ मध्ये पुणे आहे, मुंबई आहे आणि नंदुरबारमधलं आदिवासीबहुल धडगावही आहे. २०११ च्या जनगणनेत राज्याच्या लोकसंख्येत आदिवासींचा वाटा ९.३५ टक्के होता. एवढा लहान वाटा सरासरीत सहज विरघळून जातो. म्हणून आदिवासींसाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीकडे, म्हणजे एनएफएचएसकडे वळावं लागतं. तिथे घरोघरी जाऊन बाईला तिच्या सगळ्या बाळंतपणांचा इतिहास विचारतात आणि आधीच्या पाच वर्षांची सरासरी काढतात. एनएफएचएसचा आकडा एसआरएसपेक्षा मोठा दिसतो त्याचं एक कारण हेच, तो थोड्या जुन्या काळाचा असतो. एकाचा आकडा दुसऱ्याशेजारी ठेवून "वाढ झाली" म्हणणं म्हणजे गेल्या वर्षीचं वजन एका काट्यावर आणि यंदाचं दुसऱ्याच काट्यावर करण्यासारखं आहे.

दरी वयाप्रमाणे उलगडताना

तिसऱ्या पाहणीत, म्हणजे २००५-०६ मध्ये, आदिवासी आणि "इतर" (अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी सोडून उरलेले) यांचे आकडे असे होते:

नवजात मृत्युदर : आदिवासी ३९.९, इतर ३४.५
अर्भक मृत्युदर : आदिवासी ६२.१, इतर ४८.९
पाच वर्षांखालील : आदिवासी ९५.७, इतर ५९.२

वरून खाली येताना दरी रुंदावते. पहिल्या महिन्यात ती साडेपाचाची होती, पाच वर्षांपर्यंत साडेछत्तिसाची झाली. पहिला वाढदिवस ओलांडलेल्या हजार आदिवासी मुलांपैकी जवळपास ३६ पाचव्या वाढदिवसाआधी जात होती, इतरांत जेमतेम ११. त्या वेळी नुसता अर्भक मृत्युदर पाहणाऱ्याला खरी दरी दिसतच नव्हती, कारण तिचा मोठा भाग एक वर्षानंतरच्या वयात होता. अनुसूचित जातींचा अर्भक मृत्युदर तर ६६.४, म्हणजे आदिवासींपेक्षाही जास्त होता. पण पाच वर्षांपर्यंत क्रम उलटत होता : अनुसूचित जाती ८८.१, आदिवासी ९५.७.

दहा वर्षांनी, चौथ्या पाहणीत (२०१५-१६) :

नवजात मृत्युदर : आदिवासी ३१.३, इतर २३.२
अर्भक मृत्युदर : आदिवासी ४४.४, इतर ३२.१
पाच वर्षांखालील : आदिवासी ५७.२, इतर ३८.५

एक ते पाच वयातली दरी प्रचंड आटली. पाच वर्षांखालील एकूण फरक ३६.५ वरून १८.७ वर, म्हणजे जवळपास निम्म्यावर आला. पहिल्या महिन्यात मात्र फरक ५.४ वरून ८.१ झाला, म्हणजे वाढला. दोन्हींचे दर घसरले, पण इतरांचा जास्त वेगाने.

पाचव्या पाहणीतही (२०१९-२१) कल तोच आहे. देशाच्या सरासरीशी तुलना केली तर आदिवासींचा नवजात मृत्युदर तिसऱ्या पाहणीत ०.९ ने जास्त होता, चौथ्यात १.८ ने, पाचव्यात ३.९ ने (आदिवासी २८.८, देश २४.९). अर्भक मृत्युदर ४१.६ विरुद्ध ३५.२, पाच वर्षांखालील ५०.३ विरुद्ध ४१.९. देशाच्या सरासरीत आदिवासी स्वतःही मोजलेले असतात, त्यामुळे ही तुलना फरक थोडा कमीच दाखवते.

दरी मोजायच्या दोन रीती आहेत आणि त्या वेगवेगळी उत्तरं देतात. वजाबाकी केली तर अर्भक मृत्युदरात आदिवासी आणि इतर यांच्यातला फरक १३.२ वरून १२.३ झाला, म्हणजे थोडा घटला. भागाकार केला तर १.२७ पट होता, तो १.३८ पट झाला, म्हणजे वाढला. सरकारी सादरीकरणात वजाबाकी असते आणि आंदोलनाच्या पत्रकात भागाकार. माझ्या मते दोन्ही शेजारी शेजारी लिहिल्याशिवाय दरीबद्दल बोलूच नये. मूळ दर घसरत असताना वजाबाकी बहुतेक वेळा आपोआपच घटते.

एक ते पाच वयात एवढा फरक कशाने पडला? लसीकरण पूर्ण झालेल्या आदिवासी मुलांचं प्रमाण तिसऱ्या पाहणीत ३१ टक्के होतं, चौथ्यात ५६ टक्क्यांच्या आसपास गेलं. गोवर, हगवण, न्यूमोनिया, मलेरिया हे त्या वयाचे मारेकरी. त्यांच्यावरचे उपाय पाड्यापर्यंत पिशवीत घालून नेता येतात : लस, ओआरएसची पुडी, प्रतिजैविकाचं (अँटिबायोटिक) औषध, मच्छरदाणी. दिवस ठरवून जाता येतं, हुकलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा जाता येतं. पहिल्या महिन्यातल्या आजाराला ही सवड नसते. तिथे हिशेब तासांचा असतो.

मोजणीत काय चुकतं

वरचे आकडे दगडावरची रेघ समजू नका. नवजात दरी जी रुंदावलेली दिसते, तिच्यातला काही भाग मोजणी सुधारल्याचाही असणार.

घरी बाळंतपण झालं, बाळ दोन-चार वेळा श्वास घेऊन गेलं, तर नोंद बऱ्याचदा "उपजत" अशी होते. कधी घरच्यांना तसंच वाटतं, तर कधी नोंद करणाऱ्याला तीच सोयीची असते, कारण उपजत मृत्यू अर्भक मृत्युदरात येत नाही. ही चूक पकडायची सोपी खूण आहे. नवजात मृत्यूंपैकी साधारण तीन-चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात आणि त्यातले पुष्कळ पहिल्याच दिवशी. एखाद्या आरोग्य केंद्राच्या वर्षभराच्या यादीत उपजत मृत्यू भरपूर आणि पहिल्या दिवसाचे मृत्यू जवळपास शून्य असतील, तर ती यादी पुन्हा तपासायला हवी. तिथली बाळं पहिल्या दिवशी जगतात असा तिचा अर्थ नाही.

दुसरी चूक वय सांगण्यातली. "वर्षाचं होतं" असं आई सांगते तेव्हा बाळ दहा महिन्यांचंही असू शकतं, चौदाचंही. पाहणीत ते बारा महिन्यांचं म्हणून लिहिलं गेलं की ते अर्भक मृत्यूतून बाहेर पडून एक ते पाच वयात जातं. जिथे जन्मतारीख कागदावर नसते तिथे हे जास्त होतं. तिसऱ्या पाहणीतल्या त्या ३६ मध्ये असे काही सरकलेले मृत्यू असणार. सगळे नक्कीच नव्हेत.

तिसरी अडचण लहान आकड्यांची. समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत वर्षाला ४०० जन्म होतात आणि तिथला खरा दर हजारी ४० आहे. म्हणजे सरासरी १६ मृत्यू. पण निव्वळ योगायोगाने एखाद्या वर्षी ८ होतील, एखाद्या वर्षी २४. कागदावर दर २० ते ६० दरम्यान नाचेल, गावात काहीही बदललेलं नसताना. मग आठच्या वर्षी सत्कार आणि चोविसाच्या वर्षी कारणे दाखवा नोटीस. एवढ्या हद्दीसाठी किमान तीन ते पाच वर्षं एकत्र करून पाहावीत, आणि दराऐवजी सरळ एकेका मृत्यूची चौकशी करावी.

शिवाय "आदिवासी" ही सरासरीही फसवी आहे. मिझोरामची बहुतांश लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे आणि २०२० च्या एसआरएसमध्ये त्या राज्याचा अर्भक मृत्युदर फक्त ३ होता. त्याच वर्षी मध्य प्रदेशचा ४३. म्हणजे आदिवासी असणं हे मृत्यूचं कारण नाही. शिक्षण, रस्ता, पोषण आणि दवाखाना यांतलं काय कुठे पोचलं, यावर सगळं ठरतं. महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन विशेष असुरक्षित समूहांचं चित्र राज्याच्या आदिवासी सरासरीतही हरवतं.

पहिला महिना जवळून

नवजात बाळ प्रामुख्याने तीन कारणांनी जातं : अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असणं, जन्मताना श्वास कोंडणं, आणि जंतुसंसर्ग. आदिवासी भागात पहिलं कारण बाकी दोघांना बळ देतं. पाचव्या पाहणीत सुमारे ६५ टक्के आदिवासी स्त्रियांना रक्तक्षय होता, देशात ५७ टक्के. आई किशोरवयापासून कमी वजनाची, गरोदरपणातही शेताची आणि पाण्याची कामं सुटत नाहीत, गडचिरोलीसारख्या भागात त्यात मलेरियाची भर. मलेरियाचे जंतू वारेत (प्लॅसेंटात) साठतात आणि बाळाचं पोषण अडतं. अशा बाळाचं वजन अडीच किलोच्या खाली भरतं.

असं बाळ दगावतं कसं? अंगावर चरबी नाही, वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त, घराच्या भिंती कुडाच्या, सातपुड्यात हिवाळ्याची रात्र. बाळ गार पडतं. गार पडलेलं बाळ शरीरातली साखर ऊब राखण्यात जाळतं, सुस्तावतं, ओढून पीत नाही. पीत नाही म्हणून साखर आणखी उतरते. त्यात नाळेतून किंवा त्वचेतून जंतू शिरले की दोन दिवसांत खेळ संपतो. बाहेरून दिसतं ते एवढंच : "बाळ शांत झोपलंय, रडत नाही." घरच्यांना हे चांगलं लक्षण वाटतं. प्रत्यक्षात तीच धोक्याची पहिली सूचना असते.

म्हणून आशाताईच्या घरभेटी नेमून दिलेल्या दिवशी व्हाव्या लागतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी जन्मलेल्यासाठी त्याआधी पहिल्या दिवशीही. हात धुतल्यावर आधी काखेत थर्मामीटर. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस ठीक. थर्मामीटर नसेल तर हाताच्या मागच्या बाजूने पोट आणि तळपाय बघायचे : पाय गार आणि पोट गरम असेल तर ऊब कमी पडतेय, दोन्ही गार असतील तर बाळ धोक्यात. मग श्वास मोजायचा, बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण नवजाताचा श्वास मुळातच एकसारखा नसतो. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, छाती आत ओढली जात असेल, पिणं सुटलं असेल, पोट फुगलं असेल, तर रेफर.

पोटफुगीबद्दल थांबून सांगायला हवं. काही भागांत नवजाताचं पोट फुगलं की तापलेल्या लोखंडाने चटके देतात. ही क्रूरता म्हणून चर्चा होते, पण त्यातला वैद्यकीय धागा सुटतो. पोट फुगणं हे स्वतःच जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं. म्हणजे चटके नेमके सगळ्यात आजारी बाळालाच बसतात आणि जो दिवस दवाखान्यात जायचा तो घरात जातो. भगताला नुसतं रागावून हा दिवस वाचत नाही. "पोट फुगलं की आधी दवाखाना, मग तुमचं" एवढं त्याच्याशी ठरवलं तर वाचू शकतो.

वजनाचा काटा बहुतेक ठिकाणी असतो, वाचन मात्र चुकतं. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांनी घटणं स्वाभाविक आहे. दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत ते जन्मवजनावर परत यायला हवं. म्हणून चौदाव्या दिवसाचं वजन सगळ्यात बोलकं. जन्मवजन १८०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर घरी थांबायचंच नाही, एसएनसीयू म्हणजे दवाखान्यातला विशेष नवजात काळजी कक्ष गाठायचा. तिथे जातानाही बाळ आईच्या उघड्या छातीला उभं बिलगवून, डोक्यावर टोपी घालून न्यायचं. दुपट्यात गुंडाळून आजीच्या मांडीवर नेलेलं बाळ दोन तासांच्या रस्त्यात गार होऊन पोचतं.

घरच्या पातळीवरचे हे उपाय किती उपयोगी आहेत, हे गडचिरोलीतच सिद्ध झालं. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजाताची काळजी, श्वास कोंडलेल्या बाळाला श्वास देणं आणि जंतुसंसर्गावर प्रतिजैविकं देणं शिकवलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत होती, उपचार सुरू झाल्यावर २.८ टक्के. देशभर घरभेटींचा कार्यक्रम २०११ पासून याच पायावर उभा राहिला. मूळ प्रयोगात सुई टोचण्याइतकं प्रशिक्षण आणि घट्ट देखरेख होती, देशव्यापी कार्यक्रमात भेटी आल्या, पण देखरेख पातळ झाली. भेटीचा फॉर्म भरलेला असतो, श्वास मोजलेला नसतो.

दवाखान्यात बाळंतपण झालं की प्रश्न सुटतो, असा एक समज आहे. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या आदिवासी स्त्रियांचं प्रमाण तिसऱ्या पाहणीत १७.७ टक्के होतं, पाचव्यात ८२.३. जवळपास पाचपट झालं, तरी आदिवासींचा अर्भक मृत्युदर साधारण एक तृतीयांशानेच उतरला. कारण उपकेंद्रात खाट आहे म्हणजे श्वास देणारा हात आहे असं नाही. नियमाने डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकांमागे उपकेंद्र आणि २०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र असतं, मैदानी भागात ५,००० आणि ३०,००० मागे. पण विखुरलेल्या पाड्यांमध्ये ३,००० लोक म्हणजे कधी कधी वीस पाडे आणि मध्ये दोन नद्या. बाळंतिणीला ४८ तास ठेवायचं असतं, ती दुसऱ्या दिवशी जाते, कारण घरी दुसरं लेकरू आहे आणि सोबत आलेल्याचा रोज बुडतो. जंतुसंसर्ग दिसायला लागतो तो पुढच्या दिवसांत, पाड्यावर. प्रसूतीच्या आधी काही दिवस केंद्राजवळ राहायची सोय करणारी माहेरघर योजना या अडचणीवर चांगली आहे. अट एवढीच की आधीच्या मुलाला सोबत राहू द्यायचं आणि जेवण वेळेवर द्यायचं.

सहा महिन्यांनंतर

पहिला महिना काढलेल्या बाळांमध्ये पुढचा अवघड टप्पा साधारण सहाव्या महिन्यापासून. वरचं अन्न उशिरा आणि पातळ सुरू होतं. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला की मूल तीव्र कुपोषित, आणि मग साधी हगवणसुद्धा जीवघेणी. याच वयात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार डोकं वर काढतो. जन्मताना बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, ते पेशींना वाकू देत नाही. काही महिन्यांत ते कमी झालं की त्रास सुरू होतो, प्लीहा निकामी होते आणि न्यूमोनियाचे जंतू मोकाट सुटतात. मूल "न्यूमोनियाने गेलं" अशी नोंद होते, सिकलसेलचं नाव कुठेच येत नाही. २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तपासणी जन्मानंतर लगेच झाली तरच या वयातल्या मृत्यूंवर तिचा उपयोग.

आणि स्थलांतर. दिवाळीनंतर मेळघाटातून, नंदुरबारमधून कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीला निघतात, होळीला परततात. सातव्या महिन्यात गेलेली बाई तिकडेच बाळंत होते. गावच्या आशाच्या वहीत ती "स्थलांतरित", तिकडच्या आशाच्या वहीत ती नसतेच. बाळ गेलं तर तो मृत्यू दोन्हीकडे लिहिला जात नाही, म्हणजे दर सुधारलेला दिसतो. यावर उपाय वहीचाच आहे. दिवाळीआधी गरोदर असलेल्या प्रत्येकीचं नाव वेगळ्या पानावर उतरवायचं आणि होळीला प्रत्येक नावासमोर चारपैकी एक लिहायचं : जिवंत बाळ, उपजत, जन्मून गेलं, गर्भपात. रिकामी जागा चालणार नाही. "बाळ कसं आहे?" असं विचारलं की दगावलेल्या बाळाची आई गप्प राहते. "जाताना पोटात होतं, ते रडलं होतं का?" असं विचारलं की ती सांगते.